ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि कोडातला आकडा

बोअर मारणाऱ्या यंत्राशेजारी उभं राहून ठोके मोजणं हे माती परीक्षणातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या कप्पीतून खाली आलेला दोर फिरत्या ड्रमला दोन वेढे घेऊन एका माणसाच्या हातात असतो. तो दोर ताणतो, घण वर जातो. तो दोर ढिला सोडतो, घण रॉडवर आदळतो. रॉडवर खडूने दर 15 सेंटिमीटरला रेघा मारलेल्या. पहिली रेघ आत जाईपर्यंतचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या दोन रेघांचे मोजायचे आणि त्यांची बेरीज वहीत लिहायची. हाच तो 'एन', माती किती घट्ट आहे याचं माप. जगातल्या असंख्य इमारतींचे, पुलांचे, टाक्यांचे पाये या एका बेरजेवर ठरले आहेत.

घण 63.5 किलोचा आणि पडण्याची उंची 76 सेंटिमीटर, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात दुपार टळली की दोर ओढणारा दमतो आणि 76 चे 65 होतात. कधी दोराला तिसरा वेढा पडतो, ड्रमवर दोर चिकटतो, घण अडखळत खाली येतो. ठोक्यात जोर कमी म्हणून ठोके जास्त लागतात. वहीत आकडा मोठा पडतो, आणि मोठा आकडा म्हणजे घट्ट माती. थोडक्यात, ओढणारा जितका दमलेला तितकी जमीन मजबूत! हा विनोद आमच्या धंद्यात जुना आहे. त्यावर हसणारेही तोच आकडा उचलून पुढे तक्त्यात घालतात.

आता थोडा हिशेब करू. दोर-ड्रमच्या काही जुन्या घणांमध्ये पडणाऱ्या वजनाच्या ऊर्जेपैकी 45 टक्क्यांच्या आसपासच रॉडमध्ये उतरते. चांगल्या स्वयंचलित घणात 80 टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरते. पहिल्या घणाने एन 20 आला, तर त्याच वाळूत, त्याच खोलीवर दुसरा घण साधारण 11 दाखवेल. जमिनीत एक कणही हललेला नाही आणि आकडा निम्म्यावर आला. म्हणूनच 1980च्या दशकात 60 टक्के ऊर्जा हा सामाईक पाया धरून सगळे एन त्यावर आणण्याची पद्धत रुळली आणि घणाची ऊर्जा प्रत्यक्ष मोजण्यासाठी वेगळं मानकही आलं. तरीही घण कुठल्या प्रकारचा होता याचा एक शब्दही नसलेले बोअर लॉग, म्हणजे बोअरच्या नोंदींचे कागद, मी आजही पाहतो. अहवालाच्या शेवटी मात्र 'प्रमाणित पद्धतीनुसार' असं ठसठशीत लिहिलेलं असतं.

आपल्याकडे म्हण आहे, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. पाया-अभियांत्रिकीच्या कोडांनी, म्हणजे तज्ज्ञांच्या समित्या ठरवतात त्या नियमांच्या पुस्तकांनी, ही म्हण फारच मनावर घेतलेली दिसते. तिथे आकडा असतो, त्या आकड्याचं कूळ नसतं. माझं म्हणणं इतकंच आहे की हे कूळ मानकासोबत छापलं गेलं पाहिजे, प्रत्येक आकड्याशेजारी, मानकाचाच भाग म्हणून. तो कुठल्या मातीवरून आला, किती चाचण्यांवरून आला, कधी आला, समितीत कोणाचा विरोध होता आणि का, हे सगळं. समित्यांचं काम गुळगुळीत, एकसुरी, निर्विवाद दिसायला हवं हा हट्ट आता सोडायला हवा.

हा मुद्दा अभियंत्यांच्या घरातला आहे, बाहेरच्यांना त्याचं काय, असं वाटू शकतं. पण पाया हा इमारतीचा असा भाग आहे की तो एकदा झाकला की मालकालाही दिसत नाही आणि तपासनिसालाही. भिंतीचा रंग वाईट लागला तर दिसतो. पाया वाईट असेल तर तो बोलतो तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. जिथे पाहता येत नाही तिथे लोक नियमावर विश्वास ठेवून राहतात. मग तो नियम कुठून आला हे विचारण्याचा हक्क त्या घरात झोपणाऱ्यालाही आहे.

या एनचंच कूळ बघा. 1902 मध्ये चार्ल्स गाऊ या अमेरिकन ठेकेदाराने 110 पौंडांच्या घणाने एक इंची नळी जमिनीत ठोकून मातीचे नमुने काढायला सुरुवात केली. हेतू नमुना मिळवण्याचा होता. ठोके मोजणं हा त्यातला जोडधंदा. पुढे 1927 च्या सुमारास दोन इंची दुभंगणारी नळी आली, घण 140 पौंडांचा झाला, उंची 30 इंच ठरली. हे आकडे मातीच्या कुठल्या सिद्धांतातून निघालेले नाहीत. हाताशी असलेल्या साधनांतून आणि सवयीतून ते बसत गेले. मृदा-यांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल टेरझागी यांनी 1947 मध्ये त्याला 'स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट' म्हटलं, आणि अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेचं त्यावरचं मानक आलं ते 1958 मध्ये. म्हणजे आधी सवय, मग नाव, मग मानक. नंतर पौंडांचे किलो झाले, इंचांचे सेंटिमीटर झाले, आणि 63.5 या अंकाला दशांशचिन्हामुळे एक वैज्ञानिक तेज चढलं. वर्गात मुलं हा आकडा प्रकाशाच्या वेगासारखा पाठ करतात.

सवयीतून आलेला आकडा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. ही चाचणी स्वस्त आहे, जवळजवळ कुठल्याही मातीत होते, आणि हातात नमुना देते. वाद आकडा पुढे जातो तिथे सुरू होतो. 1948 मध्ये टेरझागी आणि राल्फ पेक यांनी त्यांच्या ग्रंथात वाळूसाठी आलेख दिले. एन इतका, पायाची रुंदी इतकी, तर किती दाब दिला म्हणजे पाया 25 मिलिमीटरपेक्षा जास्त बसणार, म्हणजे खाली दबणार, नाही, हे त्यावरून काढायचं. सोय अफाट होती, त्यामुळे ते आलेख पुस्तकांतून, कोडांतून, कार्यालयांच्या भिंतींवरून पसरले. प्रत्यक्षात मोजलेलं बसणं आलेखाच्या अंदाजापेक्षा बरंच कमी येतं, हे पुढे दिसू लागलं. 1965 मध्ये मेयरहॉफ यांनी सुचवलं की हे दाब सरळ 50 टक्क्यांनी वाढवावेत. लिहिणारे टेरझागी, पेक यांच्यासारखे असूनही सतरा वर्षांत दुरुस्ती दीडपटीची! आणि ती शक्य झाली याचं कारण एवढंच की मूळ आलेख कशावर उभा आहे हे लोकांना ठाऊक होतं. ज्याचं मूळ कोणाला ठाऊक नाही अशा आकड्याला दुरुस्त कोण करणार? तो पुढच्या आवृत्तीत जसाच्या तसा जातो, फार तर टाइप बदलतो.

कूळ दाखवणारं काम कसं असतं याचा माझा आवडता नमुना 1956 चा आहे. ए. डब्ल्यू. स्केम्प्टन आणि डी. एच. मॅकडोनल्ड यांनी 98 इमारतींची नोंद गोळा केली. कोणती किती बसली, कुठे जास्त कुठे कमी, भिंतींना तडे गेले की नाही. त्यातून त्यांनी मर्यादा काढली. दोन खांबांमधल्या अंतराच्या 1/300 पेक्षा जास्त फरकाने पाया बसला तर भिंतींना तडे जाण्याची शक्यता. 1/150 च्या पुढे गेला तर सांगाड्यालाच धोका. ही 1/300 आज अनेक देशांच्या कोडांत आहे. पण 98 इमारतींचा तो तपशील छापलेला होता म्हणून 1974 मध्ये बर्लंड आणि रॉथ यांना त्याला प्रश्न विचारता आले: नुसत्या चौकटीची इमारत आणि विटांची भारवाही भिंत यांना एकच फूटपट्टी कशी? वर फुगणाऱ्या आणि खाली झोळ पडणाऱ्या भिंतीला तडे सारखेच कसे जातील? भारवाही भिंत जेव्हा मधे उचलली जाते आणि टोकांना खचते, तेव्हा ती फार लवकर फुटते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे मर्यादेचा आधार उघडा असला की तिच्यावर पुढची इमारत बांधता येते. कोडात मात्र नुसतं 1/300 उतरतं. 98 इमारती आणि त्यांचे प्रकार, सगळं गळून जातं.

अशा कोडाच्या एका उपसमितीत मी काही वर्षं बसलो. त्या बैठकींचं चित्र बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. लांब टेबल, प्रत्येकापुढे मसुद्याची प्रत, काहींच्या प्रती कोऱ्या करकरीत, कारण त्या घरी उघडल्याच नव्हत्या. एका कलमात 'शॅल' हवं की 'शुड', म्हणजे सक्ती की सल्ला, यावर पावणेदोन तास गेले. तो वाद फालतू नव्हता; त्या एका शब्दावर उद्या कोर्टात कोणाची जबाबदारी ठरणार होती. पण त्याच कलमातल्या गुणकावर चर्चा झाली जेमतेम दहा मिनिटं. मी विचारलं, हा कुठून आला? उत्तर आलं, "अहो, मागच्या आवृत्तीत होता ना." मागच्या आवृत्तीत कुठून आला? "त्याच्या मागच्यातून." टेबलाच्या टोकाला बसलेले एक ज्येष्ठ सदस्य मग हळूच म्हणाले की तो एका मोठ्या प्रकल्पातल्या मोजक्या पाइलच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेल्या खांबांच्या, चाचण्यांवरून घेतला होता, ते कागद कार्यालय हलवताना गेले, आणि ज्यांनी ती आकडेमोड केली ते गृहस्थही गेले. क्षणभर सगळे गप्प. मग अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचं कलम घेतलं. गुणक आहे तिथेच आहे.

त्या माणसांची चूक काढणं हा हेतू नाही. समितीतले बहुतेक जण बिनपगारी येतात. दिवसभर आपली नोकरी-धंदा करून रात्री मसुदा वाचतात, शनिवार देतात. विद्यापीठात या कामाला बढतीच्या हिशेबात जवळपास शून्य किंमत. शोधनिबंधाला गुण आहेत, कोडातल्या तळटीपेला नाहीत. मग वेळ कोण काढू शकतो? एक तर निवृत्त माणूस, किंवा ज्याची कंपनी त्याला पगारी पाठवते तो. पाइलचं यंत्र विकणारी कंपनी आपला माणूस दर बैठकीला पाठवू शकते. दोर ओढणाऱ्याला, बोअर लॉग लिहिणाऱ्या पोराला, किंवा तडे गेलेल्या घराच्या मालकाला कोणी पाठवत नाही. नियम कागदावर चांगले असतात: उत्पादक, ग्राहक, तज्ज्ञ यांचा तोल राखावा, मसुदा लोकांसमोर ठेवावा, हरकती घ्याव्या. एएसटीएममध्ये विरोधी मताला उत्तर दिल्याशिवाय मानक पुढे सरकत नाही, आणि पाच वर्षांत फेरविचार झाला नाही आणि आठव्या वर्षापर्यंत निर्णयच झाला नाही तर मानक मागे घेतलं जातं. ही शिस्त मला मनापासून आवडते. पण तिथेही विरोधकाचा मुद्दा काय होता हे छापील मानकात दिसत नाही. वापरणाऱ्याच्या हातात पडतं ते फक्त एकमत.

आणि हे एकमत नेहमी खरं असतं असं नाही, हे युरोपने एकदा फार प्रामाणिकपणे दाखवून दिलं. युरोकोड 7 हे पायांचं आणि भू-तंत्राचं युरोपभरचं मानक 2004 मध्ये आलं. सुरक्षेचे गुणक कुठे लावायचे यावर देशांचं जमेना. भारावर लावायचे, मातीच्या गुणधर्मांवर, की शेवटी निघालेल्या धारणक्षमतेवर? म्हणून समितीने तीन वेगवेगळ्या पद्धती देऊन निवड प्रत्येक देशावर सोपवली. अनेकांनी याची टर उडवली: मानक म्हणवता आणि तीन उत्तरं देता? मला मात्र त्यात धाडस दिसतं. मतभेद होता तो पानावर आला. वापरणाऱ्याला कळलं की इथे जाणत्यांचंही एकमत नाही, जपून जा. पुढची पिढी त्या अनुभवावरून शिकली. नव्या युरोकोड 7 चे तीन भाग झाले आहेत आणि गुणक लावण्याची मांडणीही नव्याने केली आहे. उघडा मतभेद वीस वर्षांत मिटत आला. दडपलेला असता तर आजही प्रत्येक देशाच्या परिशिष्टात कुजत राहिला असता.

त्याच जुन्या युरोकोड 7 मध्ये एक तक्ता आहे, तो मी नव्या अभियंत्यांना मुद्दाम दाखवतो. पाइलची क्षमता प्रत्यक्ष भार देऊन तपासली, तर सरासरी मोजमापाला कितीने भागायचं? एकच पाइल तपासली असेल तर 1.40 ने. दोन तपासल्या तर 1.30, मग 1.20, 1.10, आणि पाच किंवा अधिक तपासल्या तर 1.00. या आकड्यांना कूळ आहे आणि ते चेहऱ्यावरच दिसतं: तुमचं अज्ञान जितकं जास्त तितका दंड मोठा. चाचणीवर खर्च केलात तर पायावर वाचेल, हे मालकाला एका नजरेत समजतं. त्याच्या शेजारी ठेवा आपला सनातन 'सुरक्षा गुणक 3', म्हणजे क्षमतेला सरसकट 3 ने भागायचं. बोअर दोन मारा की वीस, गुणक 3. ज्याने नीट तपास केला त्याला बक्षीस नाही, ज्याने टाळला त्याला शिक्षा नाही. मग टाळणाराच शहाणा ठरतो आणि माती परीक्षण हा परवानगीच्या फायलीत लावायचा एक कागद होतो.

भूकंपाने मातीचं जे होतं त्या विषयात हे काम आणखी चांगलं झालं आहे. 16 जून 1964 ला जपानमधल्या निगाता शहरात भूकंपाने खालची ओली सैल वाळू काही काळ द्रवासारखी वागली आणि कावागिशी-चो इथल्या राहत्या इमारती मोडतोड न होता तशाच्या तशा कलंडल्या. एक तर जवळजवळ आडवी. सांगाडा शाबूत, पाया निकामी. त्यानंतर 1971 मध्ये सीड आणि इद्रिस या संशोधकांनी वाळू अशी द्रवेल का हे तपासण्याची सोपी पद्धत मांडली, आणि 1996 मध्ये या क्षेत्रातले जाणकार एकत्र बसून तिची फेरमांडणी करते झाले. ती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एक गोष्ट फार वेगळी होती. 7.5 मॅग्निट्यूडपेक्षा लहान भूकंपांसाठी कोणता गुणक घ्यावा यावर त्यांनी एकच आकडा रेटला नाही, पट्टा दिला: या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, किती धोका पत्करायचा ते पाहून निवडा. आणि त्या आलेखांमागे कुठल्या भूकंपातली कुठली जागा आहे, हेही लोकांपुढे होतं. म्हणूनच पुढचे संशोधक तीच यादी घेऊन एकेक जागा पुन्हा तपासू शकले. साफ वाळूत दुरुस्त केलेला एन 30 च्या पुढे गेला की वाळू द्रवत नाही असं धरतात. पण तो एन कुठल्या घणाचा? 11 आणि 20 मधला फरक इथे जिवावरचा आहे, आणि गोष्ट पुन्हा त्या दोराच्या वेढ्यांवर येते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. कारणं छापली की प्रत्येक जण कारणांशी भांडेल. ठेकेदाराचा सल्लागार म्हणेल, तुमचा गुणक मऊ चिकणमातीवरून आला, आमची माती घट्ट आहे, म्हणून तो आम्हाला लागू नाही. वकील समितीच्या इतिवृत्तातलं विरोधी मत न्यायालयात फडकवेल. आणि छोट्या गावातल्या, एकट्याने काम करणाऱ्या अभियंत्याला चर्चा नको असते, आकडा हवा असतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पळवाट शोधणारा आजही शोधतोच. फरक एवढाच की आज त्याला उत्तर देणाऱ्याच्या हातातही काही नसतं. कारण लिहिलेलं असेल तर त्याच कारणाने त्याला अडवता येतं: गुणक मऊ मातीवरून आला, मग तुमची माती घट्ट आहे याच्या चाचण्या दाखवा. एकट्या अभियंत्यासाठी आकडा असेलच. तो कुठे चालत नाही हे मात्र त्याला आज अपघातानंतर कळतं.

अपघातानंतर कसं कळतं याचं उदाहरण सिंगापूरचं. 20 एप्रिल 2004 ला तिथल्या निकोल हायवेलगतची, मेट्रोसाठी खणलेली सुमारे 30 मीटर खोल खणाई ढासळली आणि चार माणसं मेली. चौकशीत अनेक कारणं निघाली; त्यातली दोन माझ्या विषयाची आहेत. पहिलं, समुद्री चिकणमातीच्या गणितात संगणक प्रणालीला अशा पद्धतीने मातीचे गुणधर्म दिले गेले की ती मऊ माती होती त्यापेक्षा मजबूत ठरली. ती पद्धत प्रणालीत उपलब्ध होती, बटण दाबलं की उत्तर यायचं. कोणत्या मातीत ती फसवते याची जाणीव वापरणाऱ्यापर्यंत पोचली नव्हती. दुसरं, आडव्या टेकूंचा जोड मोजताना ब्रिटिश पोलाद कोडातल्या 'स्टिफ बेअरिंग लेंग्थ', म्हणजे भार टेकण्याची ताठ लांबी, या संज्ञेचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि जोड हवा त्यापेक्षा खूप कमकुवत निघाला. कलम होतं, शब्द होते. त्या लांबीने भार कसा पसरतो याची आकृती आणि दोन ओळींचं कारण जर कलमाशेजारीच डोळ्यांत भरेल असं असतं, तर ती चूक टळलीच असती असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण तपासणाऱ्या एखाद्याच्या तरी भुवया उंचावल्या असत्या.

हे सगळं वाचायला मिळणं हा पुढचा प्रश्न, आणि इथे वारं थोडं बदललं आहे. मानकं विकून संस्था चालवायची ही जुनी रीत. कायद्याने जी पाळायची सक्ती, ती वाचायला पैसे मोजा! सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात समाविष्ट झालेली मानकं नफ्याशिवाय लोकांपुढे ठेवणं हा योग्य वापर आहे. त्या खटल्यात एएसटीएमही वादी होती. मार्च 2024 मध्ये युरोपीय न्यायालयानेही खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांवरून म्हटलं की अशी मानकं लोकांना मिळण्यात मोठं सार्वजनिक हित आहे. दोन्ही लढायांत पब्लिक रिसोर्स ही छोटी संस्था होती. भारतीय मानक ब्युरोची मानकं तर विनामूल्य उतरवून घेता येतात. चांगलंच झालं. संस्थांचा खर्च कसा भागणार हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो खरा आहे. माझ्या मते तो सरकारने उचलावा, कारण कायदा छापण्याचा खर्चही आपण नागरिकांकडून पानामागे घेत नाही. पण फुकट मिळालेल्या मानकातही जर नुसते आकडेच असतील, तर कुलूप निघालं आणि पेटी रिकामी, अशी गत होते.

अपयशाच्या नोंदी हा त्याहून अवघड भाग. 18 ऑक्टोबर 1913 ला कॅनडात विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना इथलं धान्याचं प्रचंड कोठार पहिल्यांदा भरत असताना खचलं आणि चोवीस तासांत सुमारे 27 अंशांनी कलंडलं. सांगाडा अभंग! ते नंतर सरळ करून वापरातही आणलं. बांधण्याआधी जमिनीवर छोटी तबकडी ठेवून भारचाचणी घेतली होती आणि ती पास झाली होती, कारण छोट्या तबकडीचा दाब वरच्या घट्ट चिकणमातीपुरताच पोचतो. खालची मऊ माती तिला दिसलीच नाही. हे सिद्ध कधी झालं? जवळजवळ चाळीस वर्षांनी, तिथे बोअर घेतल्यावर. 1953 मध्ये पेक आणि ब्रायंट यांनी ती आकडेमोड प्रसिद्ध केली आणि धारणक्षमतेच्या सिद्धांताला एक पूर्ण आकाराची परीक्षा मिळाली. मालकांनी नोंदी दडवल्या असत्या तर आज तो धडा नसता. आता मात्र उलट चालतं. पाया खचला की दोन्ही पक्ष लवादात जातात, तडजोड होते, आणि तडजोडीच्या करारात गुप्ततेचं कलम असतं. पैसे मिटतात, माती गप्प बसते. समितीकडे येतो तो यशस्वी प्रकल्पांचा विदा. फक्त उभ्या राहिलेल्या इमारती पाहून मर्यादा ठरवणं म्हणजे फक्त पास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका पाहून पेपरची काठिण्यपातळी ठरवणं. नाव, पत्ता, मालक काढून टाका. पण मातीचा छेद, भार आणि बसण्याची मोजमापं समितीकडे जमा करणं प्रत्येक तडजोडीत सक्तीचं असावं. विमान अपघातांच्या तपासात हे चालू शकतं, तर पायांच्या बाबतीत का चालू नये?

मसुद्यावर हरकत नोंदवायचा एक ठरलेला तक्ता असतो. आंतरराष्ट्रीय समित्यांत तो जवळपास सगळीकडे सारखा: कलम क्रमांक, हरकतीचा प्रकार, म्हणजे सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय, मग हरकत, मग सुचवलेला बदल, आणि शेवटचा रकाना सचिवालयाच्या अभिप्रायाचा. मागच्या एका मसुद्यावर मी सात हरकती धाडल्या. सहा आकड्यांबद्दल होत्या: अमुक गुणकाचा आधार सोबत द्यावा, तमुक तक्त्यातल्या मातीचा प्रकार सांगावा. सातवी होती एका स्वल्पविरामाची. तक्ता परत आला तेव्हा स्वल्पविरामापुढे लिहिलं होतं, 'मान्य'. बाकीच्या सहांपुढे, एकसारख्या अक्षरांत, 'नोंद घेतली'. पुढचा मसुदा आला की त्याच सहा हरकती मी पुन्हा टाकणार आहे, आणि या खेपेला सातवी असेल बोअर लॉगच्या नमुन्यात एक रकाना वाढवण्याची: घणाचा प्रकार, आणि दोराचे वेढे किती.